चहाबंदीचा आठवडा

नांदेड,
७ डिसेंबर २०२५

प्रिय सुकन्या,

नमस्कार. तुझी लग्नपत्रिका पोचली. लातूरचं कार्यालय चांगलं मोठं दिसतंय. आत पेनानं लिहिलंस, "लुंबी, आईला घेऊनच ये, नाहीतर बोलणार नाही." ते वाचून आधी हसू आलं, मग रडू. फोनवर टाईप करायची आणि पुसायची, असं करून बेजार झाले, म्हणून शेवटी कागद घेतला.

इकडची खबर म्हणजे, तू पुण्याला नोकरीला गेल्यापासून लॅबमध्ये मी एकटीच राबून राहिले. आपला अंबाडीच्या बोंडांचा अभ्यास संपला. त्या लाल सरबतातल्या पॉलीफेनॉल नावाच्या द्रव्यानं जेवल्यावरची साखर कमी चढते का ते बघायचं होतं, आणि माणसं कमी पडली म्हणून आपण दोघींनीही नाव दिलं होतं. फरक पडला, पण इतका बारीक की सर म्हणाले, "चला, छापण्यापुरतं झालं." एवढ्यासाठी लोकांना सुया टोचत बसलो आपण!

आणि हो, तुझा नमुना मी बाद केलाय. सरांना कारण दिलं, 'चहा घेतला होता.' बाकीचं त्यांना सांगितलं नाही. ते तुला लिहायचंय.

गेल्या वर्षीचा आपला चहाबंदीचा आठवडा आठवतो ना? सरबत सुरू करायच्या आधी चहा, फळं, हळद, शेंगदाणे, ज्यात ज्यात पॉलीफेनॉल असतं ते सगळं बंद, म्हणजे आधीचं अंगात काही उरायला नको. त्याच आठवड्यातल्या रविवारी मी तुला अहमदपूरला आमच्या घरी नेलं. आईनं, म्हणजे आमच्या कोंडाबाईनं, तुझ्यासाठी नवे कप आणले होते. तू म्हणालीस, "काकू, चहा नको, अभ्यासाचा नियम आहे." आई खूश! "पोरगी लई शिस्तीची हाय गं," म्हणाली. मी तिला सांगितलं, पांढरा भात, दही, पाणी एवढंच चालतं. तिनं लगेच भात टाकला. हळदीचा वास राहू नये म्हणून पातेलं पुन्हा घासलं. तू म्हणालीस, भूक नाही. तिनं दिलेला पाण्याचा पेला तसाच राहिला, तू तुझ्या बाटलीतलं प्यायलीस. मी म्हटलं, असेल सवय.

मग गावातच राहणाऱ्या तुझ्या मावशीला भेटून येते म्हणून तू गेलीस, आणि संध्याकाळच्या एसटीनं आपण नांदेडला आलो. रस्ताभर गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या तुझ्या लघवीत चहा होता, सुकन्या. चहा घेतला की त्याची खूण लघवीत उतरते, ती बघायचं काम तर माझंच. बाटलीवर नुसता नंबर होता. मागच्या महिन्यात नावं उघडली तेव्हा तू निघालीस. खरं सांगते, मला हसूच आलं. म्हटलं, सापडली चहाबाज! चिडवायला फोन केला, तर तू सहज म्हणालीस, "अगं, मावशीनं लई आग्रह केला. घरचं माणूस, नाही कसं म्हणणार? तिच्या हातचे पोहेही खाल्ले."

माझ्या आईनं आग्रह केला नव्हता का गं?

उगीच संशय घेतेय म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. हॉस्टेलच्या मेसमध्ये तू माझ्या ताटातलं उचलून खायचीस. मग आमच्या घरात शिरल्यावर काय झालं? भिंतीवरचे फोटो बघितलेस म्हणून? मला राग येतोय, लई राग येतोय. नको वाटलं असतं तर तसं तोंडावर म्हणायचंस, मी भांडले असते, ओरडले असते. तू माझ्याच अभ्यासाच्या आड लपलीस, आणि माझी आई तुझं कौतुक शेजारीपाजारी सांगत फिरली.

तुझ्या लग्नासाठी तिनं साडी काढून ठेवली होती. खरं सांगायचा मला धीर होईना. काल घरी गेले तेव्हा तुझंच सोंग उचललं. म्हटलं, "आई, लग्नाच्या आठवड्यात माझी चहाबंदी आहे. बाहेरचं काही चालत नाही. राहू दे जाणं."

ती ते नवे कप पुसून ठेवत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हाव, नगं जाऊ. तिथं गेल्यावर तुलाबी पाणी चालायचं न्हाई."

तिला सगळं त्याच रविवारी कळलं होतं. आपल्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून ती बाई वर्षभर तुझं कौतुक करत होती, आणि मला वाटत होतं मी तिला जपतेय.

सुखी राहा.

जय भीम.
कोंडाबाईची लेक,
लुंबिनी