तीन बोटे माया

मी, खाली सही करणार, धंदा शिवणकाम, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दडपणाचे म्हणाल तर आमची ही समोर मटार सोलत बसली असून "आटपा लवकर" म्हणते आहे. पण ते दडपण सत्तेचाळीस वर्षांचे आहे, मृत्युपत्रासाठी नवे घातलेले नाही.

कलम एक. राहते घर व बँकेतील शिल्लक हिला. स्वयंपाकघराची मोडकी खिडकी मी दुरुस्त करणार होतो, ती तशीच राहिली. तीही घराबरोबर हिलाच जावी.

कलम दोन. दुकान, दोन्ही मशिनी, मोठी कात्री आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या धाकटीला. बेत असा होता की थोरल्याने दुकान चालवावे आणि धाकटीने शाळेत शिकवावे. थोरल्याने पहिल्याच पँटचे दोन्ही पाय डावे कापले. धाकटीने शाळेतून येऊन, दप्तर न उतरवता ती पँट मार्गी लावली. काय ते मला तेव्हाच कळायला हवे होते, पण वीस वर्षे लागली. थोरला आता बस चालवतो आणि माझ्या कानावर येते की वळण झकास घेतो. मोठी कात्री कागदाला लावू नये. लावल्यास मी असेन तिथे मला कळेल.

कलम तीन. माझी लाकडी मीटरपट्टी कापडवाल्यास. थोरल्याचे लग्न आम्ही याच्या मुलीशी ठरवले होते. त्याचे कापड, आमची शिलाई, असा दोन दुकानांचा बेत. मुलगी गुणी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण नवरदेवाच्या कोटाचे कापड त्याने स्वतः मोजून दिले आणि ते हातभर कमी भरले. लग्न मोडल्यावर तेच कापड परत मागायला आला, तेव्हा मात्र त्याला ते पुरेपूर दिल्याचे आठवत होते. पट्टी बरोबर आहे. उरल्या आयुष्यात त्याने ती एकदा वापरून पाहावी.

कलम चार. हे कलम मालमत्तेचे नसून खुलाशाचे आहे. कापड कमी, म्हणून त्या कोटाच्या शिवणीत मला माया सोडता आली नाही. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आमच्या धंद्यात माया म्हणतात. माणूस सुटला की शिवण उसवून कोट सैल करता येतो. लग्नाला आठ दिवस असताना थोरला ट्रायलला आला. बटण लागेना. त्यात तो हळूच म्हणाला, "बाबा, मला हे लग्न नाही करायचं. माझं दुसरीकडे ठरलंय. ती बाहेर उभी आहे." माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. मी तसाच ओरडलो, "ह्याला मी माया ठेवलेलीच नाही!"

बाहेर उभी होती ती आमची आताची सून, दवाखान्यात नर्स आहे. टाके तीही घालते, पण तिच्या टाक्यांत माया सोडत नाहीत. 'ह्याला' म्हणजे मुलाला, असे तिने धरले. थोरल्याला धंद्यातला अर्थ ठाऊक होता, पण माझे तोंड पाहून त्यानेही तिचाच अर्थ घेतला. दोघे निघून गेले, त्याला सहा वर्षे झाली. मी खुलासा केला नाही, कारण रागावलेल्या माणसाला गैरसमज फार सोयीचा पडतो. मी कोटाबद्दल बोललो होतो. थोडेसे त्याच्याबद्दलही बोललो होतो. तेवढे मी परत घेतो.

कलम पाच. कपाटातला राखाडी कोट थोरल्याला. माप अंदाजाने धरून गेल्या वर्षी शिवला. प्रत्येक शिवणीत तीन बोटे माया सोडली आहे. धाकटी म्हणते, "बाबा, हा कोट बाहेरच्यापेक्षा आतून मोठा झालाय." होऊ दे. कोट पार्सलने पाठवू नये. त्याने येऊन अंगात घालावा. खरे तर हे कलम माझ्या हयातीतच रद्द व्हावे अशी माझी इच्छा आहे, कारण मी गेल्यावर ट्रायल कोण घेणार?

इथवर वाचून दाखवले तेव्हा ही म्हणाली, "मेल्यावर कळवण्यापेक्षा आत्ताच कळवा की!" आणि फोन लावून माझ्या हातात दिला. फोन सुनेने घेतला. मी तिला कलम चार जसेच्या तसे वाचून दाखवले, टाचण्यांसकट, आणि थोरल्यासाठी नवा कोट शिवल्याचेही सांगितले. ती म्हणाली, "नव्या कोटाला किती ठेवलीय?"

"तीन बोटं."

"पुरायची नाही, बाबा. दिवसभर बसून बस चालवतात, पोट सुटलंय. रविवारी घेऊन येते, तुम्हीच बघा."

सबब कलम पाच तूर्त तहकूब. बाकी कलमे कायम, विशेषतः तिसरे.

सही: धंदा शिवणकाम, वर लिहिल्याप्रमाणे.

साक्षीदार: (१) शेजारचा इस्त्रीवाला. (२) डॉक्टर. यांची पँट शनिवारी मिळणार होती, ती आता सोमवारी मिळेल.

ठिकाण: राहते घर, मोडक्या खिडकीजवळ.

तारीख: गुरुवार. रविवारला तीन दिवस आहेत.