धने-जिऱ्याचं पाणी

आई, तुझं ते धने-जिऱ्याचं पाणी आज माझ्या टेबलावर आलं. गव्हाण गावाकडची एक सासू थर्मास भरून आली होती, सोबत जेमतेम विशीतली सून. सरकारी दवाखान्यात मी बसते त्या खोलीत लैंगिक आजारांची तपासणी होते. लोकांशी बोलायचं, समजवायचं, हे माझं काम. तू असतीस तर शेजारणींना मी नक्की कुठे नोकरीला आहे म्हणून सांगितलं असतंस, देव जाणे. "पोरीला उन्हाली लागलीय, लघवीला जलतंय, दुसरा काय नाय," सासू म्हणाली. "पानी देते रोज. तुमी फक्त सिरप द्या." सून ओटीपोटावर हात दाबून खाली बघत होती. तिला काही विचारलं की उत्तर सासूच द्यायची. शेवटी आवाज चढवून सासूला बाहेर बसवलं. दार लागल्यावर पोरगी पुटपुटली, "मॅडम, आमच्या ह्यांना पन झालता आधी. मेडिकलमधून गोल्या खाल्ल्या. मना बोलले, तू पानी पी."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नवरा उरणला कंटेनरवर ड्रायव्हर. स्वतःला गुपचूप गोळ्या, बायकोला धने! आणि मला उरण नाक्याजवळची आपली खानावळ आठवली. मिसरूड फुटलेले ड्रायव्हर-क्लीनर जेवायला बसतात, त्यातला एखादा चुळबुळत म्हणतो, "मावशी, उन्हाळी लागलीय," आणि तू तांब्यातलं धने-जिऱ्याचं पाणी पुढे करतेस. मी नर्सिंगला असताना भर पंगतीत एकाला म्हटलं होतं, "हे उन्हानं होत नाही. डॉक्टरला दाखव, आणि निरोध वापरत जा." तू पळीचा फटका दिलास मनगटावर. "जेवणाऱ्यांसमोर असलं बोलतात? लाज नाही वाटत?" पोरं फिदीफिदी हसली, जेवली आणि आपापल्या गाड्या घेऊन गेली. त्यांची आग जरा निवली, सगळ्यांची लाज राहिली, आणि रोग त्यांच्याबरोबर घरोघरी गेला.

सांग ना, त्यांना सांगणार तरी कोण होतं? शाळेत तो धडा आला की बाई म्हणायच्या, घरी वाचा. घरी जाहिरात लागली की चॅनेल बदलायचं. आजही मेडिकलवाला कंडोमचं पाकीट कागदात गुंडाळून देतो, चोरीचा माल असल्यासारखं. आपल्या इकडे हळदीला अख्खा गाव डीजेवर नाचतो, पण नवऱ्यामुलाला एक माणूस म्हणत नाही की बाबा रे, आधी तपासून ये.

नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. हेल्मेट हातात धरून उभा राहिला. "मी तर बरा हाय." म्हटलं, बरा दिसतोस, आहेस की नाही ते तपासल्यावर कळेल. दोघांचं रक्त घेतलं. औषध दोघांनी एकदमच घ्यायचं, पूर्ण घ्यायचं, तोवर जवळ यायचं नाही, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दुखणं आत पसरलं तर पुढे मूल राहणं कठीण होतं. एवढ्यात दारातून सासू म्हणाली, "म्हंजे पोर नाय झाला तर हिच्यातच दोष ना?"

"हिच्यात नाही!" मी ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पोरीनं पहिल्यांदा मान वर केली.

आई, माझ्या पाठीवर तुला मूल झालं नाही. आजी येईल-जाईल त्याला सांगायची, हिची कूस एका पोरीवरच आटली. नवस तू केलेस, उपास तू केलेस. बाबा ट्रेलरवर, महिना महिना बाहेर. आणि त्या तांब्यातला पहिला पेला पोरांसाठी नसायचा. तो तू प्यायचीस, ओट्याला टेकून, एक हात ओटीपोटावर दाबून. मला वाटायचं, सवय असेल. आज त्या पोरीचा हात बघितला आणि कळलं. पुरावा नाही माझ्याकडे, आता कुणाला तपासू? पण तुला सगळ्यांनी बोल लावला आणि बाबांना कुणी एक प्रश्न विचारला नाही, याचा मला आज हे लिहितानाही संताप येतोय.

दोघांनी गोळ्या माझ्यासमोर घेतल्या, साध्या पाण्याबरोबर. जाताना सासू थर्मास विसरली की मुद्दाम ठेवून गेली, माहीत नाही. ते पाणी मी बेसिनमध्ये ओतायला निघाले होते. ओतलं नाही. खोलीत कुणी नाही असं बघून झाकणात घेतलं आणि प्यायले. तुझ्या हातचं असावं तसंच लागलं.