मी चिडलेलो नाही

४ तारीख, सोमवार
आजपासून निर्विकार. निर्णय पक्का.
लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत एकोणीस वर्षं तक्रारींचे फोन घेतोय आणि आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं. शनिवारी लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंना मी एवढंच म्हणालो, की ओरडून लिफ्ट चालत असती तर आम्ही मोटर कशाला बसवली असती? बाई बाहेर निघाल्या त्या थेट साहेबांकडे. साहेब म्हणाले, भावना घरी ठेवून येत जा.
घरीसुद्धा नाही ठेवणार. भावनाच बंद! मी चिडलेलो नाही. बाहेर पडताना केबिनचं दार जरा जोरात लागलं. वाऱ्यानं.

५ तारीख
चार फोन, आवाज एकदाही चढला नाही. पाचव्यानं विचारलं, तुम्ही माणूस आहात की रेकॉर्डिंग? म्हणजे जमतंय. त्याला सांगितलं, रेकॉर्डिंग असतो तर तुमची बडबड एवढी ऐकून घेतली नसती. शांतपणे सांगितलं. पलीकडच्या खोलीतले मेकॅनिक उगाच डोकावून गेले. रिकामटेकडे.

६ तारीख, संध्याकाळी ७
मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पहिलीच नोकरी. पत्र नाचवत आली. मी चेहरा कोरा ठेवून ‘बरं’ म्हणालो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. ही म्हणाली, अहो, दगड आहात का? जवळ तरी घ्या तिला.
हीच बाई चोवीस वर्षं ‘जरा शांत राहायला शिका’ म्हणून माझं डोकं खातेय!

७ तारीख
शब्दकोश काढला. साधूनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही की तो निर्विकार. मोठा अधिकारी असेल तर संयमी. डॉक्टर धीरगंभीर. आणि मी? मख्ख. थंड. कोरडा. निगरगट्ट! काहीच न दाखवण्याचे एवढे प्रकार, आणि माझ्या वाट्याला नेमके शिव्यांचे. शब्द बनवणारे सगळे हिच्या माहेरचे दिसतात.
संताप आला. म्हणजे, आला असता. शब्दकोश हातातून निसटून भिंतीपर्यंत गेला. पुठ्ठा जुनाच होता.

९ तारीख, शनिवार
मुलगी बॅग भरता भरता म्हणाली, बाबा, मी जाणार याचं तुम्हाला काहीच वाटत नाही? म्हणालो, वाटून काय उपयोग? उत्तर बिनतोड होतं. ती उठून आत गेली.
बॅगेची चेन अडकत होती म्हणून दुकानदाराला फोन लावला. वीस मिनिटं समजावलं. शेजारी विचारायला आले, घरात काही झालंय का. नसत्या चौकश्या.

१० तारीख, सकाळी ६
आज ती जाणार. संकल्प : स्टँडवर जादा शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. फक्त हात हलवायचा. आरशापुढे चेहऱ्याची तालीम केली. हिनं विचारलं, दाढ दुखतेय का?

१० तारीख, दुपारी
सामान चढवणाऱ्या माणसानं तिची बॅग डिकीत फेकली. ठेवली नाही, फेकली! त्याला बाजूला घेतलं. लोकांच्या वस्तू, जबाबदारी, माणुसकी, सगळं सांगितलं. गर्दी जमली. तो नुसता हसत उभा. मग आणखी सांगावं लागलं.
वळून बघतो तर बस फाटकाबाहेर.
ही म्हणाली, पोरगी खिडकीतून हाका मारत होती. तीनदा. तुमच्या ओरडण्यात तुम्हाला ऐकू आलं नाही.
हात हलवायचा राहिला. त्या हमालामुळे.

११ तारीख, संध्याकाळी
मुलीचा फोन येणार होता. आज नीट बोलायचं ठरवलं. ऑफिसात दिवसभर वाक्य जुळवलं, तक्रारीच्या फॉर्ममागे लिहूनही ठेवलं : ‘तू नाहीस तर घर ओकंओकं वाटतं.’ चांगलं वाक्य आहे.
फोन आला. म्हणाली, खोली छान आहे, फक्त पंखा कुरकुरतो. कुरकुरतो? भाडं मोजून घेतात आणि पंखा असला? घरमालकाचा नंबर मागितला. देईना. मग तिलाच सगळं ऐकवलं. बेअरिंग, वायरिंग, मालकाची लायकी. ती मध्येच हसायला लागली. मग हळूच म्हणाली, बाबा, मलाही तुमची खूप आठवण येते.
मी पंख्याबद्दल बोलत होतो. आठवणीचा विषय कुणी काढला होता?
फोन ठेवून हे लिहायला बसलो, तर ही टॉवेल घेऊन समोर उभी. म्हणाली, आधी नाक पुसा, वही भिजतेय.