मेलेल्या तज्ज्ञाचा सल्ला

तू दुकानातून परतण्यापूर्वीच मला अक्काकडे निघावे लागत आहे. दूध तापवून ठेवले आहे.

टीव्हीवरचा तो शेअर बाजाराचा तज्ज्ञ महिन्यापूर्वी वारला. तरीही वाहिनी त्याचे जुने कार्यक्रम रोज सकाळी दाखवते, आणि त्याच्या भरवशावर अक्का आज निवृत्तीची सगळी पुंजी गुंतवायला निघाली आहे. फोनवर मी हे तिच्या कानावर घातले, तर म्हणाली, "तो मेला म्हणून त्याचं ज्ञान मेलं का रे? तूसुद्धा दिवसभर मेलेल्यांचीच पुस्तकं वाचतोस ना!"

तिच्या या बोलण्याला प्रतिवाद सापडावा म्हणून मी आजचा कार्यक्रम लावला. जिवंतपणी त्याचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता. तारीखवार टिपणे माझ्यापाशी आहेत. पण तो थेट माझ्याकडे पाहत इतक्या शांतपणे बोलत राहिला, की कार्यक्रम संपला तेव्हा माझ्या हातात पेन होते आणि समोरच्या कागदावर, माझ्याच अक्षरात, त्याने सुचवलेल्या कंपनीचे नाव होते.

तो कागद टीव्हीखाली आहे. मी परतण्यापूर्वी तू तो फाडून टाक. माझ्याच्याने फाडवला नाही.