बाबाच्या बंडीच्या दांड्या

वलगाव
मिती आश्विन वद्य तृतीया, सन १९३७

चि. सौ. सत्यभामा हिले आईचे आशीर्वाद. जावाईबापू खुशालरावांले नमस्कार. इकडे आमी सारे बरे. मास्तरीणबाईनं शिकवली तेवढीच अक्षरं मले येतात. रेघेवर बसत नाहीत, पण हात माहाच आहे, कोनाकडून लिहून घेतलं नाही.

आधी आली गंगूबाई. डोक्यावर फुलांचं टोपलं तसंच, अन् दारातूनच म्हणते, "काव पार्बताबाई, तुह्या घरी मोटार येऊन राह्यली, अन् तिच्या मागं लाकडाचा मासा बांधला हाये." म्या म्हटलं, उन्हानं हिचं डोस्कं फिरलं. या गंगूबाईनं तुमच्या अकोल्याचंही एक मले सांगतलं आहे, ते मागून लिहीन. तीन वर्सं झाली तुहा पाय या उंबऱ्यात पडला नाही, तेही मागून. आधी मोटारीचं ऐक.

मोटार खरंच आली. तिच्या मागं दोन चाकांची गाडी, जू नाही, बैल नाही, अन् तिच्यावर नाव. पेढी नदीच्या पुरात पाह्यलेली डोंगी नव्हे. पोटाले गुळगुळीत, रंग दुधावानी, मधात खांब रोवायची जागा, अन् घडी करून ठेवलेलं शीड. शीड म्हणजे हवा धरायचं कापड, आपल्या दोन लुगड्यांएवढं. वल्हं नाही मारलं तरी नाव चालते म्हणे. म्या हात लावून पाह्यलं. हात लावल्याबिगर मले काही खरं वाटत नाही, तुले माहीतच आहे.

अमरावतीचे देवीदास वकील अन् त्याईची बायको मनकर्णाबाई उतरले. विलायतेले परत जाणाऱ्या साहेबापासून वकिलांनी नाव घेतली. गाडी मात्र कापसाच्या जिनातली जुनी, गठ्ठे वाहून वाहून झिजलेली. सपाट फळीवर गोल बुडाची नाव, ते काय टिकते? वाटेनं लोळली, पोटाले खरचटलं. अन् वडाळीच्या तळ्यावर तर गंमतच झाली. गाडी एवढी आखूड का तिची चाकं पाण्याले लागायच्या आधी मोटारच चिखलात बसली. आठ माणसांनी नाव खांद्यावर घेऊन पाण्यात ठेवली. मनकर्णाबाई म्हणे, "आजी, नावेची काढली तशी यांचीही मिरवणूक काढा म्हटलं, तर हे रुसून बसले." वकील खाली पाहून हसत होते.

कोनीतरी त्याईले सांगतलं, वलगावचा शालिकराम बैलबंड्या करते, त्याले दाखवा.

तुहा भाऊ दोन घंटे गाडीखाली उताणा होता. मग फळ्या काढल्या. नावेच्या पोटाच्या मापानं दोन लाकडं कोरली, त्याईवर म्या गोणपाटात सरकी भरून गाद्या शिवून देल्या. पडक्या विहिरीवर मोटेचा दोर ज्याच्यावरून सरकते ते गोल लाकूड होतं ना, ते काढून त्यानं मागच्या बाजूले बसवलं, म्हणजे नाव त्याच्यावरून घरंगळत पाण्यात जाईल. सारं जमलं. राह्यली लांबी.

"वकीलसाहेब, समोरून लांब दांड्या लावा लागतात," शालिकराम म्हणे. "मोटार कोरड्यात राह्यली पाह्यजे अन् चाकं पाण्यात. पण ओलं लाकूड वाकते. जुना पिकलेला सागवान पाह्यजे." बोलता बोलता त्याची नजर गोठ्याकडे गेली.

गोठ्यात काय आहे ते तुले सांगायची गरज नाही.

त्यानं मले इचारलंच नाही. हिंमतच झाली नाही त्याची. मीच उठली, कुऱ्हाड आणली, अन् त्याच्या हातात देली.

बाबाच्या बंडीले आता हात लावला तर चाकाच्या आऱ्यांतून माती पडली. उधईनं खाल्लं होतं सारं. साटीत तुहे बाबा बसत ती फळी बोटानं फुटली. दांड्या तेवढ्या धड होत्या, कारण त्या जमिनीपासून उंच टेकवल्या होत्या; त्याच गाडीले लावल्या. बाबा गेल्यापासून मी रोज सकाळी तिले हळदकुंकू लावत होती सत्यभामा, अन् आतून ती खलास होऊन राह्यली होती.

दोन दिवसांनी मलेही वडाळीले नेलं, मोटारीत बसवून. गाडी पाण्यात गेली, मोटार कोरड्यात. पण नाव जागची हालेना. शालिकरामानं तिचं वजन समोर ठेवलं होतं, बंडीवाल्याची सवय. बंडी उलार होऊ नये, मागं कलंडू नये, हेच तो जलमभर सांभाळत आला. ढकलून ढकलून माणसं थकली.

अन् मले वलगावच्या नाल्यातले कोहळे आठवले. तू सात वर्साची होती. आपण दोघी मागं कोहळ्यांवर बसलो होतो, बाबानं नाल्यात बैल पाणी पाजायले सोडले, अन् बंडी उलार झाली. आधी कोहळे गेले, मग तू, मग मी. तुहे बाबा जू धरून लोंबत होते अन् हसत होते. तू कोहळ्याले मिठी मारून तरंगली.

म्या म्हटलं, "शालिक, उलार होऊ दे तिले."

"माय, येडी झाली का?"

"वाटेनं नको. वाटेनं नाव मागं सरकू नये म्हणून खुंटी राहू दे. इथं मोटार सोड, दांड्यांले दोर बांधून धरा, खुंटी काढ, अन् नाव चार बोटं मागं घे."

त्यानं वकिलांकडे पाह्यलं. वकिलांनी मनकर्णाबाईकडे. ती म्हणे, "आजी सांगतात तसं करा."

खुंटी काढली, नाव मागं घेतली. माणसांनी दोर हळूहळू सोडला. बाबाच्या दांड्या वर उठल्या, अशा उठल्या जसा कोनी हात जोडते. गाडीची शेपटी पाण्यात गेली अन् नाव मोटेच्या लाकडावरून घरंगळली, आवाज नाही, धक्का नाही. पाण्यानं तिले आपल्या वटीत घेतलं.

मनकर्णाबाईनं पदर खोचला, शीड चढवलं, मले हात धरून बसवलं. नऊवारीतली बाई, एका हातात सुकाणू, एका हातात दोर. हवा आली तशी शीड फुगलं अन् आमी निघालो. बैल नाही, घुंगरू नाही, कोनी ओढत नाही. दिसत नाही त्या हवेनं दोन बायांले तळ्याच्या मधात नेलं. वर पाह्यलं तर आभाळ, खाली पाह्यलं तर तेच आभाळ. साठ वर्सं म्या हवा फक्त धान उपणायले वापरली.

तिथं, पाण्याच्या मधात, मले लाज वाटली.

खुशालराव बंडी मागायले आले होते. मोरणा नदीपल्याडच्या वाडीतली वांगी बाजारात न्यायले, दुसरं काही नव्हतं त्याईच्या मनात. अन् म्या चार लोकांसमोर म्हटलं, "ही बंडी माह्या मयतीलेच या दारातून निघंल. तुमच्या बापानं केली होती का?" तू वाढलेल्या ताटावरून उठली. तुले नाही देली, अन् आता पाहुण्यांले दोन दिवसांत देली. हे तुले दुसऱ्याकडून समजण्यापेक्षा मीच लिहून राह्यली. तुले देली असती तर ती चालली असती, उधईनं खाल्ली नसती. चूक माही होती. दुसऱ्या कोनाची नाही.

चाकावरच्या लोखंडी धावा अन् आस धड आहेत. त्याईवर शालिकराम नवी बंडी करून राह्यला, खुशालरावांच्या नावानं. बाबाचं जेवढं उरलं तेवढं तिच्यात आहे. ते आले नाहीत तर तो अकोल्याले आणून देईल, पण आले तर माह्या जिवाले बरं वाटंल.

आता गंगूबाईचं. तिनं तुमच्याकडे अकोल्याच्या जुन्या शहरात फुलं नेली तवा तुही पोरगी पाह्यली. सुभद्रा नाव ठेवलं म्हणे, चालाले लागली, अन् नाक तुह्या बाबाचं. म्या त्या दिवशी गंगूबाईले तीनदा चहा पाजला अन् तीनदा नाकाचं सांगायले लावलं. मी आजी झाली हे मले सव्वा वर्सानं फुलवालीकडून समजलं, याचा राग नाही. माह्या वागण्याचंच ते फळ आहे.

मनकर्णाबाईले म्या इचारलं, लहान लेकरू नावेत बसते का. ती म्हणे, आईच्या मांडीवर बसते, अन् आजीच्याही.

गाद्या भरून थोडी सरकी उरली होती. तिचं लहान उसं शिवून ठेवलं आहे.

तुही चुकलेली आई,
पार्बता

लिहायचं राह्यलं. पाहुणे नाव घेऊन पुन्हा येतो म्हणून सांगून गेले आहेत. शालिकराम तीन वर्सं त्या दिवशी पाट मांडून बसते अन् मग उचलून ठेवते. पाहुणे भाऊबीजेलेच येणार आहेत.