लॅसोचं वाक्य

११ फेब्रुवारी
लाटसाहेब पळाला! दूध घ्यायला दार उघडलं आणि पायांमधून सटकला. ह्यांचा कुत्रा. माझा कधी झालाच नाही. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेही एकमेकांकडे पाठ करून. गल्लीभर हाका मारल्या. माझ्या हाकेला तो ह्यांच्या देखत कधी हलला नाही, आता काय येतोय!

१२ फेब्रुवारी
घर खायला उठलंय.

१४ फेब्रुवारी
शब्दकोशाच्या कामात आज माझ्या वाट्याला आला 'लॅसो'. लांब दोर, टोकाला सरकता फास. लांबून फेकून धावतं जनावर धरायचं. शब्द मूळचा स्पॅनिश. त्याच्याही मागे लॅटिन, तिथे अर्थ नुसता फास, सापळा. गंमत म्हणजे झालरीची लेस याच घराण्यातली! एकीने घोडे धरले, दुसरी फ्रॉकला लागली.

संपादकांनी कागद परत केला. 'अर्थ ठीक. उदाहरणाचं वाक्य कुठाय?' आमच्याकडची जुनी खोड — वाक्य लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं हवं, खरं घडलेलं. म्हटलं, मी कुठे घोडे पकडते? 'मग थांबा. घडेल काहीतरी.' घडेल म्हणे! माझं आता काय घडायचं राहिलंय?

१७ फेब्रुवारी
दूधवाला म्हणाला, 'बाई, तुमचा लाटसाहेब पुलापलीकडे टेलरबाईंच्या दुकानात असतो. मजेत आहे.' मजेत! इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

धाकट्या जाऊबाई फोनवर — 'जाऊ द्या हो ताई, कुत्रंच ते.' कुत्रंच. पण ह्यांच्या पावलांचा आवाज ओळखणारं या घरात दुसरं कोण उरलंय?

१८ फेब्रुवारी
दोर आणला. सुरगाठ जमली, फेकणं नाही. खुर्चीवर नेम धरला, फुलदाणी गेली. एकटीच खो खो हसले. मग हसायला सोबत कोणी नाही म्हणून रडले.

२० फेब्रुवारी
गेले एकदाची. शिलाई मशीनखाली स्वारी पसरलेली, गळ्यात गुलाबी लेस! कुणाच्या तरी फ्रॉकची उरलेली. मी पिशवीतून दोर काढला आणि फेकला. पडला इस्त्रीच्या टेबलावर. लाटसाहेबाने एक डोळा उघडला, मिटला.

टेलरबाई पोट धरधरून हसल्या. 'अहो, हा काय घोडा आहे? बसा आधी. गुणी आहे हो! रोज सहा वाजले की दारात जाऊन बसतो. कुणाची वाट बघतो, देव जाणे.'

सहाला हे कामावरून घरी यायचे. सांगितलं त्यांना. मग सगळंच सांगितलं. मशीन थांबवून त्या ऐकत राहिल्या. त्याही एकट्याच राहतात — दिवसभर बोलायला काय ती मशीन, आणि आता हा.

सहाला तो उठून दारात गेला. मीही जाऊन शेजारी बसले. त्याने पाठ फिरवली नाही.

निघताना दोर गुंडाळला. 'नेताय त्याला?' त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

'राहू दे,' मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे.

'मग तुम्ही येत चला की!'

२७ फेब्रुवारी
वाक्य दिलं — 'लॅसो घेऊन त्याला पकडायला गेले आणि मीच अडकले.' संपादकांनी चष्म्यावरून बघितलं. 'खरं घडलंय ना?'

म्हटलं, घडतंय. रोज सहा वाजता.