विकणारा कुठे उभा आहे ते आधी पाहा

मृत्युपत्र लिहून ठेवणार : हाल्या भिका धोडी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा ट्रकच्या बॉडीची सुतारकी, हल्लीचा धंदा लोकांच्या गाड्या ठोकून पाहणे, राहणार आशागड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर.

मी हे पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. माझी पत्नी जानी समोर तांदूळ निवडत बसली आहे आणि "आधी जेवून घ्या, मग काय तो मरायचा लिवा" असे दोनदा म्हणाली आहे. तो दाब धरू नये. प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

मसुदा डहाणूच्या कविता वकीलबाईंनी करून दिला होता. तो दीड पानाचा होता आणि कोणाही माणसाला चालला असता, म्हणून मी तो परत लिहिला. मी कोसबाडला सातवीपर्यंत शिकलो आहे आणि माझे अक्षर बाईंच्या अक्षरापेक्षा वाचायला सोपे आहे. बाईंनी एक गोष्ट मात्र बजावली. दोन साक्षीदारांनी माझ्यासमोर सही केली पाहिजे, आणि ज्याला या कागदातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. एक सही कमी पडली तर हा कागद वडे बांधायच्या कामाचा. ही गोष्ट वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी, पुढे लागेल.

कलम १. आशागडचे राहते घर, मागचा आंबा आणि बँकेत जे काही असेल ते जानीचे. बँकेत किती आहे हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. घराचे छप्पर मी स्वतः घातले आहे, ते गळत नाही. पुढे छपरांबद्दल बरेच येणार आहे म्हणून हे आधी नोंदवून ठेवतो.

कलम २. तलासरीला हायवेच्या कडेला जी शेड आहे ती मुलगा तुषार याला. त्याने ती भाड्याने द्यावी, विकू नये. तुषार वापीच्या कंपनीत कामाला आहे. त्याला हत्यार हातात धरता येत नाही, पण आईला दवाखान्यात न्यायला तोच येतो, आणि मी ते विसरलेलो नाही. शेडच्या भिंतीवर एका खिळ्याला वेल्डिंगचा मुखवटा लटकतो आहे. तो तुषारचा नाही. त्याचे पुढे सांगतो.

कलम ३. घरामागे आंब्याखाली उभी असलेली घरगाडी धाकटी मुलगी शितल हिला. तुषार गाडीला भंगार म्हणतो, तरी ती भंगारात घालू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. कंटेनर ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी थाळी असते. मागच्या गाडीचा खुंट तिच्यात अडकतो आणि गाडी वळते. ड्रायव्हर लोक तिला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवे चाक, जे जमिनीला कधी टेकत नाही. आमची घरगाडी अशा थाळीवर बसणारी आहे. पुढचा भाग ट्रकच्या पाठीवर चढतो, तिथे बिछाना. मागे ओटा, मोरी, कपाटे, बसायची जागा. दोन हजार चौदा साली चिखल्याच्या एका बागायतदार शेठसाठी ती मी आणि चिमणने बांधली. चिमण म्हणजे उधव्याचा चिमण तुक्या वरठा. पत्रा आणि वेल्डिंग त्याचे, लाकूड आणि आतले सगळे माझे. सव्वीस वर्षे आमची एकच शेड होती. डब्यातली भाकरसुद्धा आम्ही आलटून पालटून एकमेकांची खायचो, कारण स्वतःच्या घरची रोज तीच लागते.

शितलला ही गाडी चिखल्याला किनाऱ्याजवळ उभी करून पाहुण्यांना राहायला द्यायची आहे. एकीवर धंदा होत नाही म्हणून दुसरी एक जुनी गाडी तिने पाहून ठेवली आहे. ती घ्यायची की नाही हे ती माझ्याकडून ठरवून मागते. म्हणून कलम ४.

कलम ४. गाडी पाहण्याची माझी जी रीत आहे ती मी शितलला देतो. ही मिळकत वडिलार्जित नाही, स्वकष्टार्जित आहे, तुषारने हिस्सा मागू नये. सोबत ठोकायचा चिंचेच्या लाकडाचा लहान मोगरा, एक टॉर्च, एक काचेची गोटी आणि उदबत्तीचा पुडा.

शितल, गाडी घ्यायला जाशील तेव्हा आधी खाली झोप. साडी नको नेसूस. खालची चौकट नव्या काळ्या रंगाने चकचकीत दिसली तर शंका घे, पोटाला कोणी उगाच पावडर लावत नाही. सांध्यांवर नख ओढ. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसली तर ऊठ, कपडे झटक आणि घरी ये. खुंट हाताने चाचप, एका बाजूने झिजला असेल तर ती गाडी आयुष्यभर वाकडी ओढली गेली आहे. मग आत जाऊन जमिनीवर गोटी ठेव. गोटी धावली तर आधी गाडी सपाट उभी आहे का ते पाहा. सपाट असून धावली तर चौकट बसली आहे. भिंतीला मोगऱ्याने ठोकत जा, कोरडी भिंत टणटण बोलते, ओल धरलेली पुटपुटते. कोपऱ्यात टाच दाब, प्लाय दबला तर कुजला. खिडकीच्या कडेने उदबत्ती फिरव, धूर सरळ वर गेला पाहिजे. बाहेरून बादलीने पाणी मार आणि आत बसून जेव. जेवायला जो वेळ लागतो तेवढ्यात खरे पाणी आत येते. विकणारा म्हणेल, ताई जेवण बाहेर करा. तू आतच जेव.

नवी गाडी असली तरी हेच. नव्या गाडीचा वास छान येतो, तो गोंदाचा असतो. कपाटाच्या खणात हात घालून वरून चाचप, जिथे कोणाची नजर जात नाही. तिथे कड घासलेली असेल तर कारागीर चांगला. स्क्रूच्या जागी पिना मारल्या असतील तर ती गाडी फोटो काढण्यापुरती. कपाटाचे दार आईला लावायला सांग. मी जानीला नेहमी सोबत नेत असे आणि म्हणत असे, माझ्यावर रागावली आहेस असे समजून लाव. तिला समजून घ्यायला वेळ लागला नाही. सिल्वासाला एका पाहणीत तीन दारे हातात आली आणि मालकाने आपणहून किंमत उतरवली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मी आजवर कोणाला फुकट सांगितली नाही. विकणारा कुठे उभा आहे ते आधी पाहा. माणूस आपल्या खोटीवर जाऊन उभा राहतो. त्याला स्वतःला कळत नाही, पण पाय तिथेच जातात. त्याला म्हणावे, शेठ जरा सरका, आणि मग तिथे ठोकावे.

कलम ५. किरकोळ. जुन्या गाड्यांचा वापीचा दलाल दिपक याला माझा पुट्टीचा अर्धा डबा. उरलेली पुट्टी त्याने विकलेल्या गाड्यांत आहेच. शेजारी मुकेश याच्याकडे सहा वर्षांपासून माझी शिडी आहे. ती मी त्याला देत नाही. माझ्यामागे त्याने "हाल्याकाकांनी दिली होती" असे म्हणू नये, म्हणून कायद्याच्या कागदात लिहून ठेवतो.

कलम ६. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

गाडी शेठला दिल्यावर जुलैत तिच्या बिछान्यात पाणी आले. शेठ गादीसकट गाडी घेऊन तलासरीला शेडवर आले. नाक्यावरची माणसे जमली. मी आणि चिमण गाडीत चढलो, मी वर पाहिले न पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "लाकूड गळत नसतं शेठ. हे चिमणचं वेल्डिंग." सव्वीस वर्षांत मी त्याच्या कामाला नाव ठेवले नव्हते आणि ठेवले ते चारचौघांत. चिमण चहात साखर कमी पडली तरी तासभर भांडणारा माणूस. त्या दिवशी तो भांडला नाही. "बरा. मी निंगतो," एवढेच म्हणाला, मशीन टेम्पोत चढवली आणि उधव्याला गेला. मुखवटा खिळ्यालाच राहिला. मी शेठचे पैसे परत करून गाडी घरी आणली. त्याने भांडण केले नाही म्हणजे चूक त्याचीच, अशी मी माझी समजूत घातली आणि तिच्यावर दहा वर्षे काढली.

गेल्या वर्षी शितलला छप्पर कसे तपासतात ते दाखवायला मी आतला प्लाय उतरवला. टॉर्च तिच्या हातात होती. पंख्यासाठी मीच मारलेला स्क्रू दीड इंची हवा होता, तो तीन इंची निघाला. प्लाय भेदून, पत्रा भेदून त्याचे टोक आभाळाकडे निघाले होते आणि त्याच्या कडेने गंजाचा ओघळ थेट बिछान्यापर्यंत आला होता. स्क्रू मोजून मारावा हे मी शेडमधल्या प्रत्येक पोराला कानाला धरून शिकवले आहे. शितलने स्क्रू काढून खिशात टाकला.

तेव्हा मला आठवले की त्या दिवशी नाक्यावरची माणसे जमली असताना मी गाडीत कुठे उभा होतो. मी पंख्याखाली उभा होतो.

ते भोक मी बुजवले. तरी बिछान्याच्या उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात अजून ओल येते. कुठून येते ते मला सापडत नाही. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांतली ओल शोधून दिली आणि स्वतःच्या गाडीतली सापडत नाही, हे लिहिताना कान गरम होतात, पण गाडी शितलला द्यायची तर खोट लपवून देता येत नाही.

चिमणला मी या कागदातून काहीही देत नाही. मुखवटा त्याचाच आहे, तो द्यायचा नसतो, परत करायचा असतो. मी त्याला फक्त सांगतो की चिमण, वेल्डिंग गळत नव्हते. मी गळत होतो. मला तुझी फार आठवण येते. दुसऱ्याची भाकर खायची सवय मोडली ती मोडलीच.

कलम ७. पहिल्या साक्षीदार शेजारच्या अंगणवाडीच्या सुषमाताई आहेत. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवतो. तिथे चिमणने सही करावी. त्याला काही मिळत नाही, म्हणून कायद्याने तो चालतो. दुसरे कोणी मला चालत नाही. तो आला नाही तर हा कागद रद्द, गाडीचा निकाल शितल आणि तुषार यांनी भांडून लावावा. कविता वकीलबाई म्हणाल्या, "काका, असं कोणी करतं का? तुमची पोरं अडकतील." मी म्हटले, बाई, मी सगळी गाडी एका खुंटावर टांगणारा माणूस आहे. शितलला मात्र हे पटले. ती म्हणाली, "बाबा, नाहीतरी चिमणकाकांशिवाय मी ही गाडी रस्त्यावर काढणार नव्हते." आणि स्कूटर घेऊन उधव्याला गेली. तीन इंची स्क्रू तिच्या खिशात आहे.

वाढीव मजकूर, त्याच दिवशी, दुपारी तीन वाजता.

चिमण आला. केस सगळे पांढरे झाले आहेत, चाल तीच. जानीने त्याला पाणी दिले आणि ती आत जाऊन रडली, मग बाहेर येऊन त्याला उशीर केला म्हणून बोलली. मुखवटा मी सकाळीच शेडवरून मागवून टेबलावर ठेवला होता. त्याने तो उचलला, काच पुसली, खाली ठेवला. कागद घरगाडीतच वाचतो म्हणाला. आम्ही सगळे आत गेलो. सुषमाताईंनी चष्मा दिला. बस म्हटले तरी बसला नाही. सगळा कागद त्याने उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात उभ्याने वाचला, कलम सहा दोनदा. मग म्हणाला, "सही करतो, पन वर दोन ओळी लिवीन. चालतील का?" मी म्हटले, तू लिहिलेले काहीही चालेल. आता मी दोघांच्या समोर सही करतो, पेन त्याच्याकडे देतो आणि त्याच्यासमोरच बसून चहा टाकायला सांगतो. इथे माझा मजकूर संपला.

मृत्युपत्र लिहून ठेवणार :
(सही) हाल्या भिका धोडी

साक्षीदार १ :
(सही) सुषमा मुकेश घाटाळ, आशागड. सही माझ्यासमोर झाली. शिडी आमच्याकडे आहे हे खरे आहे.

साक्षीदार २ :
चिमण तुक्या वरठा, उधवा, तालुका तलासरी. हाल्याने माझ्यासमोर सही केली. कागद सगळा वाचला. भोके दोन होती. पंख्याचे त्याचे. कोपऱ्यातले माझे. दिव्याची तार न्यायला चुकीच्या जागी पाडले, पुट्टी भरली, रंग मारला, कोणाला बोललो नाही. त्या दिवशी पण मी याच कोपऱ्यात उभा होतो. म्हणून भांडलो नाही. अकरा वर्षे हाच विचार केला की हाल्या एवढा हुशार, त्याने मला सरक का म्हटले नाही. उद्या सकाळी मशीन घेऊन येतो. सुषमाताई, शिडी आणून ठेवा.
(सही) चिमण तुक्या वरठा

ठिकाण : मौजे आशागड, आंब्याखाली, घरगाडीत
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५